काकूंच्या वाटीतले चिंचोके

काकांसमोर तोंड उघडायची मला कायम भीती वाटायची. ते रागीट होते म्हणून नव्हे. त्यांनी आवाज चढवलेला मी एकदाच ऐकला, तोही दुकानाच्या पायरीवर चढलेल्या बैलावर. भीती वेगळीच होती. समोरचा माणूस आपलं म्हणणं ऐकत नाहीये, आपल्या तोंडून कोणता शब्द पुन्हा पुन्हा बाहेर पडतोय तिकडे कान लावून बसलाय, हे एकदा कळलं की जीभ अडखळायला लागते. मी रसायनीतल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणारी बाई, मोजमापाला घाबरण्याचं खरं तर मला कारण नव्हतं. तरी घाबरायचे.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं होतं, "तू 'खरंच' हा शब्द फार वापरतेस. घरात तुझ्यावर विश्वास कोण ठेवत नाही?"

मी उठून जाणार होते. ओळख ना देख, आणि हा काय प्रश्न! पण माझ्या वडिलांनी माझ्या एकाही बोलण्यावर आयुष्यात विश्वास ठेवला नव्हता, आणि ही गोष्ट मी रसायनीत कुणालाच सांगितली नव्हती. अंगावर काटा आला तो आला, आणि मी तिथेच बसून राहिले. पुढची कित्येक वर्षं बसून राहिले असं म्हणायला हरकत नाही.

काकांचं कर्जतच्या बाजारात औषधांचं दुकान होतं. घराणं तिथलं जुनं. आजोबा वैद्य, वडिलांनी दुकान काढलं आणि काकांनी ते चालवलं, म्हणजे निम्मा दिवस चालवलं. दुपारनंतर ते पुतण्याच्या हाती सोपवून, लुनाच्या मागच्या सीटवर काकूंना बसवून, चौक गावावरून आमच्या कॉलनीतल्या हॉलवर यायचे. काकूंच्या मांडीवर एक कापडी पिशवी असायची. लुना खड्ड्यात आदळली की पिशवीतून स्टीलचा खणखणाट व्हायचा. आम्हाला तो आवाज वळणावरूनच ऐकू यायचा आणि आम्ही हातातल्या विड्या, चहाचे कप, गप्पा सगळं टाकून आत पळायचो. कॉलनीतली हौशी मंडळी आम्ही. काकांच्या हाताखाली वर्षाला एक नाटक बसवायचो, दोन-तीन प्रयोग करायचो, कामगारांच्या स्पर्धेत उतरायचो आणि बहुतेक वेळा उत्तेजनार्थ काहीतरी घेऊन परत यायचो.

पिशवीत वाट्या असायच्या, आणि चिंचोके. काका ते स्वतः धुऊन, गच्चीवर वाळवून आणायचे. नाटकाच्या पहिल्या वाचनाला कुणी अभिनय करायचा नाही, अशी त्यांची सक्त ताकीद. सतरंजीवर प्रत्येक पात्राच्या नावाची एकेक वाटी मांडायची. ज्यांना भूमिका नाहीत त्यांच्या हाती मूठमूठ चिंचोके द्यायचे आणि एकेक शब्द वाटून द्यायचा. "तू आज 'पण' सांभाळ. तू 'घर'. तू 'मी'." वाचताना ज्या पात्राच्या तोंडी तुमचा शब्द आला, त्याच्या वाटीत चिंचोका टाकायचा. बस. दुसऱ्या दिवशी शब्द बदलायचे आणि तेच नाटक पुन्हा वाचायचं. असं महिनाभर चालायचं. नवीन आलेली माणसं तेवढ्यात कंटाळून पळून जायची. जी उरायची त्यांना मात्र नाद लागायचा.

कारण त्या वाट्या खोटं बोलत नसत. एका विनोदी नाटकात एक भांडकुदळ बायको होती. सगळ्यांना वाटत होतं, हिला कंबरेवर हात ठेवून, तोंडाचा पट्टा सोडून करायचं. तिच्या वाटीत 'पण' एवढे पडले की वाटी भरून खाली सांडली. काका म्हणाले, "बघा हं. हिचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू होतंय आणि पुढे काही होतच नाहीये. ही भांडत नाहीये. हिला या घरात कुणी वाक्य पुरं करू देत नाही." आमच्या नटीने मग ती बाई अशी काही केली की लोक हसता हसता मध्येच गप्प व्हायचे. दुसऱ्या एका नाटकातला खलनायक 'आपण, आपण' करत सगळ्यांची घरं खायचा आणि त्यागमूर्ती नायकाच्या वाटीत 'मी'चा ढीग व्हायचा. नायकाचं काम करणारे आमचे सुपरवायझर त्यावर आठवडाभर रुसले होते.

"मोठे शब्द सोडा," काका म्हणायचे. "प्रेम, न्याय, त्याग, हे लेखक मुद्दाम लिहितो. तिथे तो सावध असतो. बारके शब्द त्याच्या हातून नकळत सुटतात."

मी एकदा अख्खं नाटक लॅपटॉपवर टाइप करून त्यांना एका क्षणात सगळे आकडे काढून दाखवले. चिंचोक्यांशी जवळजवळ जुळले. काका लहान मुलासारखे खूश झाले, कुठला शब्द किती ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. मला वाटलं, आता वाट्या गेल्या अडगळीत. दुसऱ्या दिवशी लुनावर पुन्हा खणखणाट!

"तुझ्या यंत्राने शेवटी कळतं गं," ते म्हणाले. "चिंचोक्याने पडताना कळतं. कुठे दाटी होते, कुठे बराच वेळ काही पडतच नाही, ते ऐकायचं असतं."

आमचा लाइट आणि साउंड बघायला मुनीरभाई यायचे. त्यांचं शिळफाट्याला मंडप-स्पीकरचं दुकान. माणूस गप्पिष्ट, पण काका आले की एकदम मोजकं बोलायला लागायचे. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "ताई, मी तर त्यांच्यासमोर हल्ली बायकोचं नावच काढत नाय. काय सांगावं, काय मोजून काढतील." मी हसले. पण मीही काकांसमोर 'खरंच' म्हणायचं सोडून दिलं होतं, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

ही सगळी गंमत म्हणून सांगता येते. धरणाच्या नाटकापासून मात्र ती गंमत राहिली नाही.

ते नाटक आमच्याच प्लांटवरच्या गणपतने लिहिलं होतं. त्याचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. नाटकात गावातलं शेवटचं घर होतं. घर न सोडणारी आई, थोरला मुलगा, सून आणि मोजणीला आलेला सरकारी माणूस. धाकटा मुलगा महादू कामाला म्हणून मुंबईला गेलाय, तो आला की सगळी निघतील, अशी एकूण गोष्ट. गणपत स्वतः थोरला मुलगा करणार होता, मी सून आणि काकू आई. काकू फार मोठ्या नटी होत्या असं नाही, पण त्यांच्या आवाजात एक भरवसा होता. त्या बोलल्या की ते घर आहेसं वाटायचं.

वाचन सुरू झालं. गणपतच्या मते नाटक अन्यायावर होतं. 'अन्याय' हा शब्द निघाला फक्त सरकारी माणसाच्या वाटीत. आम्ही खूप हसलो, गणपतही हसला. धरणाचं नाटक, पण 'पाणी' जेमतेम. आणि आईच्या वाटीत 'दार'. दार उघडं ठेव, दार लोटू नको, दाराशी कोण आहे बघ, दाराला कडी कशाला. ऐकताना लक्षातही येत नव्हतं, पण चिंचोके टपटप पडत राहायचे. शेवटी शेवटी तर आम्ही तिच्या वाक्याआधीच श्वास धरून बसायचो.

मग एका संध्याकाळी काकांनी 'महादू' शब्द मोजायला दिला. सगळ्यांच्या वाट्या भरल्या. थोरला, सून, अगदी सरकारी माणूससुद्धा महादू महादू करत होता. आईची वाटी रिकामी. काकांनी पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा रिकामी. हॉलच्या खिडकीतून कारखान्यांचा तो आंबूस वास आत येत होता, पंखा बंद होता, आणि काका त्या रिकाम्या वाटीकडे बघत उकिडवे बसले होते.

"गणपत," ते म्हणाले, "या बाईला माहीत आहे. पहिल्या वाक्यापासून माहीत आहे. महादू जिवंत नाही."

गणपत पांढराफटक पडला. "नाटकात तसं कुटं हाय, काका?" तो म्हणाला. "मी नाय लिवलं तसं."

"तू नाही लिहिलंस. तिने सांगितलं."

मग गणपतने सांगितलं. त्याचा पाठचा भाऊ लहानपणी नदीत बुडाला होता. घरात पोराचा विषय निघाला की बाकी सगळे नाव घ्यायचे, रडायचे. आई कधी नाव घ्यायची नाही. फक्त दार लावू द्यायची नाही. "आमी बाकीची भावंडं थंडीत कुडकुडायचो, तरी नाय. मी आईचं बोलनं जसंच्या तसं टाकलं नाटकात, काका. भावाचं म्हनून नाय टाकलं. आई म्हनून टाकली." एवढं बोलून तो बाहेर गेला आणि नळावर कितीतरी वेळ तोंड धूत राहिला. मला त्या क्षणी काकांचा राग आला होता. कुणाच्या घरातलं असं उकरून काढायचा यांना काय अधिकार, असं वाटलं. काका मात्र वाटी उलटी करून पुसत होते.

काकूंनी ती आई केली. त्या सगळ्यांशी नीट बोलायच्या, कामं सांगायच्या, आणि महादूचं नाव निघालं की नुसत्या त्या रिकाम्या दाराकडे बघायच्या. नेपथ्य काकांनी सगळं काढून टाकलं होतं, फक्त एक चौकट ठेवली. खोपोलीच्या प्रयोगाला लोक इतके गप्प होते की मुनीरभाईंना वाटलं स्पीकर बंद पडले. प्रयोग संपल्यावर काकू बराच वेळ रंगमंचावरच उभ्या होत्या. मी त्यांचा हात धरला तर म्हणाल्या, "चल गं, आलेच." पण हलल्या नाहीत.

पुढच्या नाटकाच्या वाचनाला माझ्याकडे भूमिका नव्हती. मी चिंचोके घेऊन बसले होते आणि माझ्या वाट्याला 'ते' आला होता. फालतू शब्द, मी वैतागले होते. वाचन सुरू झालं आणि काकूंच्या वाटीत मी सारखी टाकतेय, टाकतेय. तांब्याला 'ते', देवळाला 'ते', लग्नाला 'ते'. संहितेत तसं नव्हतं. काकू बघून वाचत होत्या आणि तरी वस्तूंची नावं गाळून पुढे जात होत्या. बाकीच्यांना वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. कुणीतरी थट्टाही केली, काकूही हसल्या. काका हसले नाहीत. ते माझ्यापुढच्या वाटीजवळ आले, वाकून आत पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की माझ्या हातातले उरलेले चिंचोके खाली पडले.

"वाचन बंद," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते काकूंना पनवेलला डॉक्टरांकडे घेऊन गेले. असा एक आजार असतो, ज्यात आधी नावं जातात, मग बाकीचे शब्द, मग माणूस. डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर कुणी आणतच नाही, तुम्हाला कसं कळलं? काकांनी काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही.

लवकर कळल्याचा उपयोग काहीच झाला नाही, हे मी इथे सांगून टाकते. शब्द जायचे तसे गेले. आधी भाज्या गेल्या, मग नातेवाईक, मग वार. काका मला फोनवर सांगायचे, "आज 'मीठ' गेलं." आवाज अगदी शांत. दुकानात एखादं औषध संपल्याचं सांगावं तसा. त्या शांतपणाचीच मला धडकी भरायची. एकदा धीर करून मी विचारलं, "काका, हे मोजून काय मिळतंय तुम्हाला?" ते म्हणाले, "काय उरलंय ते कळतं." आणि मग एक दिवस काही उरलं नाही. काकू पूर्ण मुक्या झाल्या.

त्यांचे हात मात्र गप्प बसत नसत. साडीच्या काठाचे धागे ओढून ओढून त्यांनी दोन साड्या उसवल्या, तेव्हा काकांनी त्यांच्या मांडीवर एक वाटी ठेवली आणि बाजूला चिंचोक्यांची पिशवी. हाताला चाळा म्हणून. काकू लगेच शांत झाल्या.

त्यानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले ती दुपार मी विसरणार नाही. दुकानामागच्याच तीन खोल्या. आतल्या खोलीत काकू खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. वीज गेलेली, पंखा बंद. काका आणि मी शेजारी बसलो होतो, कुणी काही बोलत नव्हतं. आणि काकूंनी वाटीत चिंचोका टाकला. मग बराच वेळ काही नाही. मग दोन लागोपाठ. मग पुन्हा शांत. त्यांची मान किंचित कललेली होती, कुणीतरी बोलतंय आणि ते नीट ऐकायला हवं अशी.

"कुणाचं ऐकतात त्या?" मी कुजबुजले. मला मोठ्याने बोलवेना.

"तेच शोधतोय," काका म्हणाले. "चाळा असता तर एका तालात पडले असते. हे मोजणं आहे. कुठलं तरी नाटक चाललंय."

मी वैज्ञानिक विचारांची बाई आहे, असं मी स्वतःला सांगत घरी आले. पण त्या रात्री गॅलरीतला दिवा मालवायचा मला धीर झाला नाही.

पुढच्या रविवारी काकांनी गणपतला आणि मला बोलावलं. मुनीरभाईंनी टेंपोतून आणून सोडलं आणि तेही बसले. काका म्हणाले, धरणाचं नाटक म्हणायचं. आपापली वाक्यं बोलायची, आईची वाक्यं आली की गप्प बसायचं. "आणि घाई करू नका. तिला बोलायला वेळ लागतो."

सुरुवात केली तेव्हा मला कसंनुसंच झालं. मी सुनेचं वाक्य बोलायची आणि समोरून नुसती शांतता. काकांना अख्खं नाटक पाठ. आईचं वाक्य ते मनातल्या मनात म्हणायचे, ओठही हलवायचे नाहीत, फक्त मांडीवर बोट फिरायचं. त्यांचं बोट एके ठिकाणी थांबलं आणि त्याच क्षणी वाटीत चिंचोका पडला. पुढच्या वाक्यात पुन्हा. आईच्या एका लांब वाक्यात 'दार' दोनदा आहे. आम्ही तिघं श्वास रोखून बसलो होतो. एक पडला. थोडं थांबून दुसरा.

मुनीरभाईंनी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. गणपत रडत होता. शेवटच्या प्रवेशापर्यंत एकही चिंचोका चुकला नाही.

मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. "काका, त्या आहेत! आतमध्ये सगळं शाबूत आहे!"

काका हात जोडून बसले होते. ते म्हणाले, "ती आहे, की ती बाई आहे?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी दाखवलं. आम्ही आलो तेव्हापासून पुढचं दार सताड उघडं होतं. ते लावता येत नव्हतं. लावलं की काकू उठायच्या, भिंतीला धरून दारापर्यंत यायच्या, कडी काढायच्या आणि बाहेर बघत उभ्या राहायच्या. कुत्री घरात शिरत होती, शेजारी नावं ठेवत होते. "माझी बायको," काका म्हणाले, "दार लावून, दोनदा कडी तपासून मग झोपणारी बाई होती. ही कोण आहे? मी तिच्याकडून नाटकातली आई पाठ करवून घेतली, इतकी की शब्द गेले तेव्हा माझी बायको गेली आणि तेवढी एक उरली. गणपतची आई बसलीय खाटेवर. तिला मी चहा देतो, तिची वेणी घालतो." ते वाटीकडे वळले. "मला नाटकाबाहेरचा एक चिंचोका हवाय. एकच. मग मी काही मागणार नाही."

गणपत हळूच म्हणाला, "नका असं बोलू, काका. आमची आई बी चांगली बाई हाय."

त्यानंतर किती रविवार आम्ही गेलो. काकांनी सगळं करून पाहिलं. लग्नातल्या आठवणी सांगितल्या, भांडणं सांगितली, काकूंच्या माहेरच्या माणसांची नावं घेतली. मोठे मोठे शब्द, सगळे. वाटी गप्प. नाटक म्हटलं की चिंचोके पडायचे आणि ते संपलं की थांबायचे. काका वाळत चालले. दुकानात गोळ्या मोजताना त्यांचा आकडा चुकायला लागला. मला वाटायचं, हा माणूस आता काकूंच्या आधी जाणार.

ते सापडलं तेव्हा काका खोलीत नव्हतेच. पुढच्या ओट्यावर मुनीरभाईंशी टेंपोच्या भाड्यावरून आणि घरातल्या गळक्या नळावरून बोलत उभे होते. मी आत काकूंजवळ केळं कुस्करत बसले होते. वाटीत चिंचोका पडला. नाटक चालू नव्हतं. मी चमचा खाली ठेवला. बाहेर काका म्हणत होते, "नळवाला सकाळी येतो म्हणाला, पण सकाळी आम्ही आंघोळीत असतो." टप्. "छे हो, एवढा मोठा पंप आम्हाला काय करायचाय?" टप्. मग ते भाड्याबद्दल बोलत राहिले, बराच वेळ, आणि वाटी गप्प राहिली. मग मुनीरभाईंनी जेवायला घरी बोलावलं आणि काका म्हणाले, "आम्ही कुठे बाहेर जातो आता." टप्.

काकूंचा चेहरा तसाच होता, दगडासारखा. मान मात्र ओट्याच्या दिशेला कलली होती. बोलणं बंद झालेल्या बायकोसोबत हा माणूस एकटाच बोलत होता, एकटाच ठरवत होता, आणि जगाशी बोलताना तरीही 'आम्ही' म्हणत होता. त्याला ते माहीतही नव्हतं. काकू तेवढं एक गोळा करत होत्या.

मी धावत बाहेर गेले. मुनीरभाई टेंपो चालू करत होते. "काका, पडला! नाटकाबाहेरचा! तुमच्या बोलण्यातला!"

ते खांबाला धरून उभे राहिले. "नक्की?"

"नक्की. मी ऐकलं. कोणता शब्द, सांगू?"

मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझ्या ओठांवर तळहात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी स्पर्श केला नव्हता. "नको. सांगितलंस तर मी मुद्दाम बोलेन. मग तो माझा राहणार नाही." आणि ते तिथेच ओट्यावर खाली बसले आणि हुंदके देऊन रडले.

त्या दिवसापासून काका पार बदलले. एकदम बोलके झाले. दूधवाला, मीटर बघायला येणारा माणूस, औषध कंपनीचा प्रतिनिधी, जो येईल त्याला ओट्यावर बसवून घ्यायचे आणि घरातलं सगळं सांगत बसायचे, काय जेवण झालं, कशाची भाजी आवडते, पंखा कितीवर लावतात. लोक म्हणायचे, म्हातारपणी जिभेला हाड राहिलं नाही. मला मात्र बरं वाटायचं. आतून टप्, टप् असा आवाज यायचा आणि काका तिकडे वळूनही बघायचे नाहीत. मी ते गुपित जपलं. त्यांना कधीच सांगितलं नाही.

काकू गेल्या त्या हिवाळ्यात. झोपेतच गेल्या.

दिवस झाल्यानंतर मी भेटायला गेले. पुढचं दार आता लावता येत होतं, पण काकांनी ते उघडंच ठेवलं होतं. आतल्या खोलीत खाट तशीच होती, वर घडी केलेली चादर. काका माझ्याशी इकडचं तिकडचं बोलत होते, ठीक दिसत होते. तेवढ्यात दूधवाला आला. किटली खाली ठेवून जरा घुटमळला, आणि म्हणाला, "काका, उद्यापासनं किती घालू?"

"आम्हाला अर्धा लिटर पुरे," काका म्हणाले.

आणि थांबले. त्यांची मान आतल्या खोलीकडे वळली, कान टवकारलेला. मीही तिकडेच बघत होते. खाटेवरून कसलाही आवाज आला नाही. आमची नजरानजर झाली तेव्हा मला कळलं, शब्द कोणता ते यांना कधीचंच ठाऊक होतं.

दूधवाला माप हातात धरून उभा होता. काकांनी त्याच्याकडे तोंड केलं.

"मला," ते म्हणाले. "मला अर्धा लिटर पुरे."